विंधन विहिरीतील नळांचे वजन कसे काढावे

नांदेड व लातूर जिल्ह्यांत विंधन विहिरींचे पाणी जसजसे खोल जाते, तसतसे मोटारीवर लोखंडी नळ वाढवावे लागतात. सन २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत मोटार वर काढण्याचे व पुन्हा सोडण्याचे काम घाईने चालते आणि दोरावर भार किती, हा हिशेब राहून जातो. हाच हिशेब माणसांचे हातपाय व मोटार दोन्ही वाचवितो.

नळ उभा चिरून सपाट केला, तर त्याची एक लांब पट्टी होईल. १ मि.मी. जाडीच्या १ चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते. यावरून नियम असा : बाहेरील व्यासातून जाडी वजा करावी, बाकीस जाडीने व नंतर ०.०२४७ ने गुणावे. मापे मि.मी. मध्ये घेतल्यास दर मीटरचे वजन किलोत मिळते.

नळास कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा व त्यास ३.१४ ने भागावे. तो बाहेरील व्यास होय. त्यातून आतील व्यास वजा करून निम्मे केले की जाडी मिळते. बाहेरील माप आट्यांवर घेऊ नये.

उदाहरणार्थ, सव्वा इंची मध्यम नळाचा घेर सुमारे १३३ मि.मी., व्यास ४२.४ व जाडी ३.२ मि.मी. असते. त्याचे वजन मीटरला ३.१ किलो, म्हणजे ६ मीटरच्या नळाचे १८.६ किलो होते. जाडी २.६ मि.मी. असलेला हलका नळ १५.३ किलोच भरतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. परंतु आटे सुमारे दीड मि.मी. खोल कापलेले असल्याने हलक्या नळात तेथे जेमतेम १.१ मि.मी. धातू उरतो. म्हणून खरेदीच्या वेळी एक नळ काट्यावर घालून पाहावा.

आता भाराचा हिशेब पाहू. असे २० मध्यम नळ ३७२ किलो भरतात. झडप पाणी धरून ठेवीत असेल, तर आतील पाणी आणखी सुमारे १२२ किलो होते. मोटार, केबल व सॉकेट यांचे वजन निराळेच. एवढा भार माणसांच्या बळावर पेलू नये. एक टन क्षमतेची साखळी-कप्पी व मजबूत तिवई वापरावी, प्रत्येक जोडाखाली शिकंजा घट्ट आवळावा आणि त्याखाली कोणी हात घालू नये.