योजनेतलं मूल, कायद्यातलं मूल

जानेवारी 1984मध्ये उरणजवळच्या जासई-पागोटे परिसरात, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. हक्क भांडून मिळतो, हे या परिसराला कुणी शिकवायला नको. पण त्याच वर्षी इथल्या एखाद्या कर्णबधिर मुलीच्या शाळेसाठी तिच्या बापाने कशाच्या जोरावर भांडायचं होतं? कायदा नव्हताच. होती ती केंद्राची 1974ची एकात्मिक शिक्षण योजना. योजना म्हणजे सरकारची मर्जी.

मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली, अंधांची 1900मध्ये. पण त्या चालल्या मिशनरी आणि दात्यांच्या जिव्हाळ्यावर. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर आली ती 1995च्या अपंग व्यक्ती कायद्याने. त्यातही सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याबाबत भाषा ‘प्रयत्न करील’ इतपतच. शिवाय कायद्याने मोजलेली अपंगत्वं सातच. स्वमग्नता त्यात नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती.

इथे महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. अध्ययन अक्षम मुलांना राज्य मंडळाने दहावीच्या परीक्षेत 1996पासूनच सवलती दिल्या. केंद्रीय कायद्याला हे अपंगत्व मानायला आणखी वीस वर्षं लागली. मात्र सवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळायचं ते मुंबईतल्या शीव, नायरसारख्या मोजक्या रुग्णालयांत. तिथवर खेपा घालायच्या तर आधी कुणीतरी पालकांना सांगायला हवं, की पोरगं ‘ढ’ नाही.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याने तर वंचित गटाच्या व्याख्येतून दिव्यांग मुलं वगळलीच होती. 2012च्या दुरुस्तीने ती आत आली. सोबत तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी घरी शिकण्याचा पर्यायही आला. तो काही घरांना खरंच हवा होता. शाळेला हात झटकायलाही तो तितकाच सोयीचा, असं मला वाटतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातची यादी एकवीसवर नेली आणि समावेशक शिक्षण हे शाळेचं कर्तव्य ठरवलं. ते पार पाडणारे विशेष शिक्षक मात्र वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. महाराष्ट्राने 2024मध्ये 4,860 पदं मंजूर केली: शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रामागे एक. त्या प्रमाणाने मुलं मोजली होती, राज्य सरकारने समूह केंद्रं मोजली. आणि अशा एका केंद्रात अनेक शाळा असतात.