हवापालट

माझ्या थोरल्या आबांना मी पाहिलेले नाही. ते आजोबांचे सख्खे भाऊ. १९६४ साली त्यांना क्षय झाला आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून त्यांना सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडी सॅनेटोरियममध्ये ठेवले. गावात मात्र 'हवापालटाला गेलेत' एवढेच सांगायचे. गोष्टींतली श्रीमंत माणसे हवापालटाला जातात हे मी शाळेत वाचले, तेव्हा आमचे घराणेही तसलेच असावे असे मला वाटले होते!

आबा तिथे चौदा महिने होते. आजी दोनदा भेटायला गेली. तिला आठवतात त्या ओळीने मांडलेल्या खाटा, खाटेशी ताप लिहिलेला कागद, थुंकीसाठी झाकणाचे भांडे, आणि दुपारच्या विश्रांतीची शांतता. कुणी मोठ्याने बोलायचे नाही. शेतात राबणाऱ्या माणसाला नुसते पडून राहणे हीच शिक्षा वाटे.

मुळात सॅनेटोरियमे निघाली ती औषध नव्हते म्हणून. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवला. पण त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली सापडले. मधली साठ वर्षे डॉक्टरांच्या हाती मुख्यतः मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हेच होते. म्हणून डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीच्या थंड हवेत 'बेल-एअर' काढले. मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव तर वाडीलाच मिळाले.

पुढे मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. शहरातल्या गरीब रोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, बाकीच्यांना घरीच. गोळ्या दोघांना सारख्याच, वर्षभर. घरच्यांना खाणे निकृष्ट आणि विश्रांती कमी, तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले. शिवाय त्यांच्या घरच्या माणसांना रोग जास्त जडला, असेही दिसले नाही. औषध सुरू झाले की संसर्गाचा जोर झपाट्याने उतरतो. हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आबा जाण्याच्या पाच वर्षे आधी!

आबा बरे होऊन परतले. पण मरेपर्यंत सोप्यात एकटेच जेवले. त्यांची पितळी कोनाड्यात वेगळी असे, ती अजून तिथेच आहे.

हे सगळे मी आजीला समजावून सांगितले. तिने निमूट ऐकून घेतले आणि विचारले, "डाक्टरास्नी म्हाईत हुतं, तर आमास्नी कुणी का नाय सांगितलं?"