पोरं आणणारा माणूस

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला स्पोकेन नावाचं शहर आहे आणि तिथे गोन्झागा हे जेझुइट पाद्र्यांचं विद्यापीठ. विद्यार्थी सात-साडेसात हजार, म्हणजे अमेरिकेच्या मानानं किरकोळच. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत कॉलेज बास्केटबॉलमध्ये या विद्यापीठानं भल्याभल्यांना घाम फोडला आणि 2017 व 2021 अशी दोनदा राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली. श्रेय मिळतं ते 1999पासून हेड कोच असलेल्या मार्क फ्यू यांना, आणि ते रास्तही आहे. पण संघात कोण कोण खेळून गेलं बघा. पोलंडचा प्शेमेक कार्नोव्स्की, लिथुआनियाचा डोमांतास साबोनिस, फ्रान्सचा किलियन टिली, जपानचा रुई हाचिमुरा. जगाच्या चार कोपऱ्यांतली ही पोरं स्पोकेनला आणणारा माणूस वीस वर्षं असिस्टंट कोच म्हणून फ्यूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. त्यांचं नाव टॉमी लॉइड.

लॉइड त्याच राज्यातल्या केल्सो या छोट्या गावचे. व्हिटमन कॉलेजात खेळले, मग ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत थोडं व्यावसायिक बास्केटबॉल खेळून आले. गोन्झागात रुजू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शाळकरी वयातले अमेरिकेतले अव्वल खेळाडू ड्यूक, केंटकी, नॉर्थ कॅरोलिना असल्या बड्या घरांकडेच जाणार. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा जिथे बाकीचे कोच फिरकत नाहीत तिथे जावं. म्हणून ते परदेशातल्या कुमार गटाच्या स्पर्धांना जाऊन बसू लागले.

हाचिमुरा तोयामाचा. आई जपानी, वडील आफ्रिकेतल्या बेनिन देशाचे. 2016 साली तो स्पोकेनला आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं आणि पहिला मोसम त्यानं जवळजवळ बाकावरच काढला. तीन वर्षांनी, एनबीए या व्यावसायिक लीगच्या 2019च्या ड्राफ्टमध्ये, त्याची निवड नवव्या क्रमांकावर झाली. पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिला जपानी. अशा मुलाला घरापासून हजारो मैल दूर, बाकावर बसलेला असताना, धीर देत राहणं हेही असिस्टंट कोचच्याच वाट्याला येतं.

या पेशात शिरायचं तर बहुधा तळापासून. आधी विद्यार्थी असतानाच संघाची पडेल ती कामं करायची, मग सामन्यांच्या व्हिडिओंची कापाकापी, आणि नशीब असेल तर असिस्टंटची खुर्ची. प्रत्येक प्रतिस्पर्धी एकेका असिस्टंटला वाटून दिलेला असतो. त्यानं त्या संघाचे सामने पुन्हा पुन्हा बघायचे, त्यांच्या चाली उलगडायच्या आणि आपल्या पोरांच्या गळी उतरवायच्या. पण नोकरी टिकते ती रिक्रूटिंगवर, म्हणजे खेळाडू आणण्यावर.

या रिक्रूटिंगला एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या मध्यवर्ती संघटनेनं, नियमांचं कुंपण घातलंय. मुलाच्या घरी कधी जायचं, कधी नुसतं लांबून बघायचं, कधी भेटायचंच नाही, हे सगळं कॅलेंडरवर ठरलेलं. 2007मध्ये तर मोबाइलवरून मेसेज पाठवायलाच बंदी आली आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये ती 2012 साली उठली. जुलैत मोठमोठ्या हॉलमध्ये एकाच वेळी अनेक कोर्टांवर क्लबांचे सामने चालतात आणि कडेला विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेले शर्ट घालून कोचमंडळी ओळीनं बसतात. खेळाडूशी बोलायची मुभा नाही, मग तिथे बसायचं कशाला? दिसायला! मुलानं घाम पुसताना मान वर केली की अमुक विद्यापीठाचा माणूस आजही आलाय हे त्याला कळायला हवं. स्थळं जमवणाऱ्या मध्यस्थाला जसं घरात नेमका कोणाचा शब्द चालतो हे आधी हेरावं लागतं, तसंच इथेही. कुठे आई, कुठे आजी, कुठे मामा, आणि पुष्कळदा क्लबचा कोच.

ते हेरण्याची मिशिगन विद्यापीठाची तऱ्हा सरळ होती. डेट्रॉइटच्या साउथवेस्टर्न हायस्कूलचे कोच पेरी वॉटसन यांनाच 1991मध्ये विद्यापीठानं असिस्टंट म्हणून नेमलं आणि त्याच वर्षी त्यांचा शिष्य जेलन रोझ मिशिगनला आला. पहिल्या वर्षाच्या पाच पोरांचा तो संघ ‘फॅब फाइव्ह’ म्हणून गाजला. त्यांचे हेड कोच स्टीव्ह फिशर स्वतःही असिस्टंटच्या खुर्चीवरून उठलेले. 1989च्या मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर, मिशिगनच्या हेड कोचनी ॲरिझोना स्टेटची नोकरी पत्करल्याचं जाहीर केलं. क्रीडाप्रमुख बो शेम्बेकलर यांनी त्यांना तिथल्या तिथे दूर केलं आणि संघ फिशरांच्या हाती दिला. फिशर सलग सहा सामने जिंकले. शेवटचा, म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामना, सीटन हॉलविरुद्ध, जादा वेळेत, 80-79. अशी लॉटरी या धंद्यात क्वचितच लागते.

ब्रायन डचर यांची गोष्ट मला जास्त खरी वाटते. फिशरांचे ते असिस्टंट, फॅब फाइव्ह जमवण्यात त्यांचाही हात. खेळाडूंना पैसे पुरवणाऱ्या एका चाहत्याच्या प्रकरणात 1997मध्ये मिशिगननं फिशरांना काढलं. दोन वर्षांनी ते सॅन डिएगो स्टेटला गेले, तेव्हा डचरही बरोबर गेले. पहिल्या मोसमात तो संघ फक्त पाच सामने जिंकला आणि तेवीस हरला. पुढे त्याच विद्यापीठात एनबीए गाजवणारा कावाय लेनर्ड खेळला. डचर हेड कोच झाले 2017 साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. 2023मध्ये त्यांच्या संघानं राष्ट्रीय अंतिम सामना खेळला आणि कनेटिकटकडून हार पत्करली.

सगळ्यांकडे एवढा धीर नसतो, आणि पैसाही दर वेळी धीर धरण्याजोगा नव्हता. 1991मध्ये एनसीएएनं असिस्टंटची एक श्रेणी अशी ठरवली की शैक्षणिक वर्षाचा पगार 12,000 डॉलरच्या वर जायचा नाही, उन्हाळ्याचे आणखी 4,000. कोच कोर्टात गेले. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली हा नियम बेकायदा ठरला आणि 1999मध्ये संघटनेला 5 कोटी 45 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. आता वरच्या विद्यापीठांत पगार गलेलठ्ठ झालेत, तळाशी मात्र अजूनही ओढाताणच.

पगारापेक्षा मोठी जोखीम दुसरीच. मुलाचा आणि त्याच्या आईचा विश्वास ही असिस्टंटची खरी पुंजी, आणि तिला बाजारात गिऱ्हाईक असतं. 26 सप्टेंबर 2017 रोजी एफबीआयनं ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार असिस्टंट कोच पकडले. आरोप असा की खेळाडू व्यावसायिक झाल्यावर त्यांना ठरावीक एजंट आणि गुंतवणूक सल्लागारांकडे वळवण्यासाठी यांनी पैसे घेतले. ॲरिझोनाचे बुक रिचर्डसन यांनी 20,000 डॉलरची लाच घेतल्याचं कबूल केलं आणि त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. त्या खटल्यांत एकाही हेड कोचवर गुन्हा दाखल झाला नाही. खेळाडूवर कोट्यवधींचा व्यवहार उभा राहतो आणि बेड्या पडतात त्या बाकावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला, हे मला तरी पटत नाही.

ॲरिझोनानं आपले हेड कोच शॉन मिलर यांना एप्रिल 2021मध्ये निरोप दिला आणि त्या जागी आणले टॉमी लॉइड. फ्यूंनंतर गोन्झागा त्यांचंच असं करारात ठरलेलं असूनही ते गेले. पहिल्याच मोसमात संघानं 33 सामने जिंकले, फक्त चार हरले आणि असोसिएटेड प्रेसनं लॉइड यांना वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरवलं. गंमत अशी की त्या संघातले बेनेडिक्ट मॅथरिन, क्रिश्चन कोलोको हे आधारस्तंभ आधीच्या कारकिर्दीत आणलेले. वीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यासाठी पोरं आणली, त्यांना स्वतःची पहिली मोठी बाजी दुसऱ्यांनी आणलेल्या पोरांवर मारता आली.

आता सगळा हिशोबच बदललाय. 2018पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे खेळाडूला विद्यापीठ बदलणं सोपं झालं, 1 जुलै 2021पासून त्याला स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली आणि 2025च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पूर्वी एका मुलामागे दोन-तीन वर्षं घालवणारा असिस्टंट आता वसंतात काही आठवड्यांत अर्धा संघ उभा करतो, आणि स्वतःच्याच खेळाडूंना ‘राहा रे बाबा’ म्हणून पुन्हा मनवतो. हाचिमुरासारखा एखादा वर्षभर बाकावर बसून इंग्रजी शिकत राहील, याची शाश्वती आज कोण देणार?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही उद्या एखाद्या उंच पोराच्या किंवा पोरीच्या शोधात असा माणूस दारी येईल. गोड बोलेल, पोह्यांचं कौतुक करेल. त्याला स्कॉलरशिपचं विचाराच, पण त्याचा स्वतःचा करार किती वर्षांचा आहे आणि पुढच्या मोसमात तो तिथे असणार का, हेही विचारा. आणि उत्तर लेखी मागा.