ध्रुवावरील यंत्रे आणि मोखाड्याचा पाऊस

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मोखाडा तालुक्यातील डोंगरउतारांवर हळवे भात पिकू लागते. वरकस जमिनीतील नागली आणि वरई त्यामागोमाग कापणीला येतात. उन्हाळ्यात राब भाजण्यापासून आवणीपर्यंत आणि आवणीपासून दाणा भरेपर्यंत वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांनी जे कष्ट उपसलेले असतात, त्यांचा हिशेब या दोन-तीन आठवड्यांत चुकता व्हायचा असतो. नेमके याच सुमारास, पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असताना, एखाद्या दिवशी आभाळ फाटल्यासारखे कोसळते. उभे पीक आडवे होते. कापून पसरलेल्या भाताला मोड येतात. दिवाळीनंतर कोणत्या घरातली किती माणसे वीटभट्टीवर जाणार आणि किती लवकर जाणार, हे पुष्कळदा त्या एका दिवसात ठरून जाते.

या शेताचा आणि सैबेरियाच्या उत्तरेस पसरलेल्या कारा समुद्राचा काही संबंध असेल, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. तथापि हे विधान कोणा कल्पनारम्य लेखकाचे नाही. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसमवेत २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा तो विषय आहे. उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ नेहमीपेक्षा अधिक हटला की उघड्या पडलेल्या पाण्यातून वातावरणात उष्णता शिरते. वायव्य युरोपवर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसण्यास ती अनुकूल ठरते. वरच्या थरांतील वाऱ्यांच्या प्रवाहात त्यामुळे हेलकावे उठतात आणि ते आशियाच्या उपोष्ण पट्ट्यापर्यंत पोहोचतात. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असला तर भारतात सप्टेंबरमधील अतिवृष्टीला पोषक स्थिती निर्माण होते, असा त्या निबंधाचा आशय आहे. या नात्याला निबंधकर्त्यांनी मथळ्यातच ‘संभाव्य’ हे विशेषण लावले आहे. तो सावधपणा योग्य आहे आणि तो वाचकांनीही पाळला पाहिजे. एखाद्या वर्षीच्या एखाद्या पावसाकडे बोट दाखवून तो ध्रुवावरून आला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

दूरच्या हिमाचा जवळच्या पावसाशी संबंध जोडण्याची कल्पना मुळात नवी नव्हे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयावरील हिमवृष्टी आणि नंतरचा मोसमी पाऊस यांचे नाते मांडले व त्या आधारावर पुढे दीर्घ पल्ल्याचे अंदाज वर्तवण्यास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिल्बर्ट वॉकर यांनी त्याहून दूर, थेट प्रशांत महासागराच्या दोन टोकांकडे दृष्टी टाकली. ब्लॅनफर्ड यांच्यापाशी डोंगरातील ठाण्यांवरून आलेले अहवाल होते आणि वॉकर यांच्यापाशी गणित होते. ध्रुवाची नोंद मात्र दोघांनाही मिळण्यासारखी नव्हती. ज्या प्रदेशात वर्षातील कित्येक महिने सूर्य उगवत नाही, जेथे जहाज उन्हाळ्याच्या काही आठवड्यांपुरते शिरू शकते, तेथील बर्फाचा रोजचा हिशेब ठेवणार कोण?

हा हिशेब ठेवण्याचे काम यंत्रांनी आपल्याकडे घेतले, ही गेल्या अर्धशतकातील मोठी घटना आहे. १९७८ च्या अखेरीस सूक्ष्मलहरी टिपणारे उपग्रह कार्यरत झाले. या लहरी ढगांतून आणि अंधारातूनही वाट काढतात, त्यामुळे ध्रुवीय रात्रीतही समुद्रावर बर्फ किती आहे हे कळू लागले. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे, हा निष्कर्ष निघाला तो अशा अखंड नोंदींमुळेच. पण उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो, पाण्याखाली काय घडते ते दिसत नाही. त्यासाठी समुद्रातच उतरावे लागते.

स्वालबार्ड बेटांवरील नी-आलेसुंड या वस्तीत, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याच्याजवळच्या कॉन्ग्सफ्योर्ड या खाडीत जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा पाण्याखाली नांगरली. (त्यानंतर काही दिवसांतच, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन मोखाडा नव्या पालघर जिल्ह्यात गेला, हा निव्वळ योगायोग.) रचना ऐकायला साधी आहे. तळाशी जड नांगर, त्याला बांधलेली सुमारे दोनशे मीटरच्या खोलीत उभी तरंगणारी दोरी आणि त्या दोरीवर ठराविक अंतराने बसवलेले, तापमान, क्षारता व प्रवाह मोजणारे संवेदक. सूर्य जवळजवळ चार महिने क्षितिजावर न येणाऱ्या त्या प्रदेशात ही यंत्रे अंधारात, एकट्याने मोजत राहतात. अटलांटिक महासागराचे कोमट पाणी ध्रुवाकडे कधी आणि किती सरकते, हे त्यांच्या नोंदींतून उलगडते. उन्हाळा आला की शास्त्रज्ञ नावेतून जातात, ध्वनीचा संकेत पाठवतात, दोरी नांगरापासून सुटून वर येते आणि वर्षभराची वही हाती पडते. वही वर्षाअखेरीस हाती पडते, ही तिची मर्यादाही आहे. तिच्यावरून उद्याचा अंदाज करता येत नाही; अंदाज करणारे गणित कोठे चुकते, ते मात्र तपासता येते.

याहून धाडसाचे प्रयोग दक्षिणेकडे चालू आहेत. स्वीडनमधील गोटेबर्ग विद्यापीठाची ‘रान’ नावाची मानवरहित पाणबुडी २०२२ साली अंटार्क्टिकातील डॉटसन हिमफळीच्या खाली १७ किलोमीटर आत शिरली आणि २७ दिवसांत हजार किलोमीटरहून अधिक फिरून तिने बर्फाच्या तळाचा नकाशा तयार केला. वरून सपाट भासणाऱ्या त्या बर्फाच्या पोटात पायऱ्या, दऱ्या आणि अश्रूंच्या आकाराचे खळगे आढळले. जानेवारी २०२४ मध्ये ‘रान’ पुन्हा त्याच हिमफळीखाली गेली, ती परतली नाही. काही शास्त्रज्ञांनी सीलच्या डोक्यावर छोटे संवेदक चिकटवले आहेत. हा प्राणी जेथे बुडी मारतो तेथे जहाज पोहोचत नाही, आणि तो श्वासासाठी वर आला की नोंद उपग्रहाकडे जाते. माणसाची बुद्धी आणि प्राण्याची गरज यांची अशी भागीदारी विरळाच.

भारताने या क्षेत्रात पाऊल टाकले ते ६ डिसेंबर १९८१ रोजी. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र पुढे हिमाखाली गाडले गेले. १९८९ मध्ये खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ उभे राहिले आणि २०१२ मध्ये ‘भारती’. मालवाहू जहाजांवरील १३४ पेट्या जोडून बांधलेल्या या तिसऱ्या केंद्राचा एक उपयोग सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. पृथ्वीचे निरीक्षण करणारे उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरतात. हैदराबादजवळच्या केंद्रावरून ते दिवसातून मोजक्याच वेळा जातात. ध्रुवाजवळच्या केंद्रावरून मात्र ते जवळजवळ प्रत्येक फेरीत दिसतात. म्हणून ‘भारती’वरील अँटेना भारतीय उपग्रहांनी जमवलेली माहिती उतरवून घेते आणि लगोलग भारतात धाडते. भारतीय शेतांची छायाचित्रेही अशी दक्षिण ध्रुवाच्या वाटेने घरी येऊ शकतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह तर दोन्ही कामे करण्यासाठी घडवला आहे. दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परतून तो अंटार्क्टिकातील हिमनद्या किती सरकल्या हे मोजतो, आणि शेतातील मातीत ओल किती आहे याचाही अंदाज देतो.

गरीब देशाने बर्फावर पैसा का घालावा, हा प्रश्न पहिल्या मोहिमेपासून विचारला जात आहे आणि तो अप्रामाणिक नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा ‘मैत्री’ केंद्र उभे राहून तीन वर्षे झाली होती. ही दोन चित्रे शेजारी ठेवणाऱ्याला निरुत्तर करणे सोपे नाही. पण ही दोन चित्रे परस्परविरोधी आहेत, असे समजण्यातही चूक आहे. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तेथेच बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरींच्या तळाशी उतरतात. मोखाड्यातील कोचाळे येथे उभे असलेले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते. म्हणजे या डोंगरांवर पाऊस केव्हा, किती आणि कसा पडतो, हा प्रश्न एका मागास तालुक्यापुरता उरत नाही. सकाळी नळ सोडून हे वर्तमानपत्र हाती घेणाऱ्या मुंबईकराचाही तो आहे. पावसाचे वेळापत्रक बिघडत असेल आणि त्या बिघाडाचा एक धागा ध्रुवापर्यंत जात असेल, तर तो धागा पकडणे ही चैन नव्हे.

प्रश्न आहे तो धाग्याच्या दुसऱ्या टोकाचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधीच्या पद्धतीत १२ किलोमीटरच्या चौकोनांनी होणारे गणित आता ६ किलोमीटरच्या चौकोनांनी होते. ग्रामपंचायतीपर्यंत अंदाज पोहोचवण्याची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली होती. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण सूर्यमाळच्या पठारावर धुक्यात पाऊस झोडपत असतो तेव्हा खालच्या खोऱ्यात ऊन पडलेले असू शकते. सहा किलोमीटरच्या चौकोनात अशी दोन-तीन हवामाने सुखाने नांदतात. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाने २०१७ पासून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. सपाट मुलखात हे पुरेसे ठरेल, घाटमाथ्यावर ते विरळ आहे. ज्या देशाने ७९ अक्षांशावर खाडीच्या तळाशी यंत्र नांगरले, त्याला मोखाड्याच्या पाड्यांवर आणखी काही पर्जन्यमापके उभारणे अवघड नाही. त्यात पराक्रम नाही एवढेच. आणि ज्यात पराक्रम नाही त्याला आपल्याकडे निधी मिळण्यास विलंब लागतो.

याहून खेदाची बाब निराळी आहे. कृषी विज्ञान केंद्रांतून चालणारी जिल्हा कृषी-हवामान केंद्रे हा शास्त्र आणि शेत यांच्यामधला दुवा होता. तेथील तज्ज्ञ अंदाज वाचत, त्याचा स्थानिक पिकाच्या अवस्थेशी मेळ घालत आणि कापणी थांबवावी की उरकावी, याचा सल्ला स्थानिक भाषेत देत. देशभरातील अशी १९९ केंद्रे मार्च २०२४ अखेर बंद करण्यात आली. माहिती आता यंत्रेच आपोआप गोळा करतात, तेव्हा तेथे माणसे कशाला, असा विचार या निर्णयामागे असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. हा विचार ध्रुवावरील अनुभवाच्या नेमका उलट आहे. ‘हिमाद्री’त पूर्वी भारतीय शास्त्रज्ञ प्रामुख्याने उन्हाळ्यात राहत. यंत्रे वाढली, सुधारली, आणि त्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, भारताने तेथे प्रथमच हिवाळी मोहीम पाठवली. कारण यंत्राने टिपलेल्या नोंदीचा अर्थ लावायला त्या काळोखात माणूस हवा होता. बर्फावर जे सत्य मानले गेले ते भाताच्या शेतात असत्य कसे ठरते?

मोबाईलवरील संदेश हा या दुव्याला पर्याय आहे, असे सांगितले जाते. मोखाड्यातील अनेक पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळत नाही. जेथे मिळते तेथेही ‘तुरळक ठिकाणी मध्यम ते मुसळधार’ या शब्दांचा अर्थ वारली शेतकऱ्याने स्वतःच्या खाचरापुरता कसा लावायचा, हे संदेशात लिहिलेले नसते. तुरळक म्हणजे आपला पाडा की पलीकडचा? मुसळधार म्हणजे रात्रीतून की परवा दुपारी? त्या शेतकऱ्याकडे स्वतःचे अंदाज आहेत: मुंग्यांची धावपळ, वाऱ्याची दिशा, पाखरांचे वागणे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ते तावून सुलाखून निघाले आहेत, परंतु ज्या ऋतुमानावर ते बेतलेले होते तेच आता डळमळू लागले आहे.

करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यातील बहुतेक स्वस्त आहे. आश्रमशाळांच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांकडून रोज सकाळी नोंद घेता येईल. शिक्षक त्या नोंदी पुण्याला कळवू शकतील. बंद केलेले कृषी-हवामान केंद्र जिल्ह्याला परत देता येईल आणि त्यात वारली व कोकणी बोली जाणणारा माणूस नेमता येईल. वास्कोच्या दमट उष्म्यात उणे २० अंशांच्या कोठडीत अंटार्क्टिकाचे हिमगाभे जपणारे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा घाट चढून जव्हारपर्यंत येऊ शकतील, आणि कोणत्या आठवड्यातील अंदाज सर्वांत मोलाचा, हे नागली पिकवणाऱ्याकडून ऐकू शकतील. तो बहुधा जूनचा पहिला आठवडा सांगणार नाही. मृगाचा पाऊस चुकला तर पेरा पुन्हा करता येतो, बियाणे उसने आणता येते. तो सांगेल सप्टेंबरचा अखेरचा आठवडा, जेव्हा भात कापायला विळा काढायचा की आणखी चार दिवस थांबायचे, हे सकाळी उठून आभाळाकडे पाहून ठरवावे लागते.