तोल कुठे ढळतो?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ‘अंग दुखतं आणि चक्कर येते’ या दोन तक्रारी मला एका दमात ऐकायला मिळतात. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या, पावसात ओणवे राहून नागलीची लावणी करणाऱ्या बाईचे अंग दुखणारच, असे सगळे धरून चालतात. मग तपासणी राहून जाते.

कष्टाचे दुखणे विश्रांतीने उतरते. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखत असेल, झोपूनही थकवा जात नसेल, तर तो फायब्रोमायल्जिया असू शकतो. यात मज्जासंस्था वेदनेचा निरोप वाढवून पोहोचवते. रक्ततपासणीत किंवा क्ष-किरणात हा आजार दिसत नाही. त्यात चक्करही येत असेल, तर दोष कानाचा की आणखी कशाचा, हे शोधावे लागते.

पहिली चाचणी प्रश्नाची. ‘चक्कर’ या एका शब्दात तीन अनुभव दडलेले असतात. भोवताल गरगरत असेल तर संशय कानावर जातो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि रक्तक्षय आधी पाहावा. नुसताच झोक जात असेल तर तोल तपासावा.

तोलाचा हिशेब मेंदू तीन खबरींवरून करतो: आंतरकर्णाची, डोळ्यांची आणि पाय-मानेच्या स्नायू-सांध्यांची. कानात कोमट-गार पाणी सोडले की डोळे थरथरतात, यावरून रॉबर्ट बारानी यांनी कानाची परीक्षा बसवली; १९१४चे नोबेल त्यांना याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले. आजही ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे, म्हणजे शरीराहून सात अंश गार व सात अंश गरम पाणी वापरतात.

त्यासाठी नाशिक-ठाणे गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते. पण काही चाचण्या साध्या खाटेवर होतात. १९५२ची डिक्स-हॉलपाइक चाचणी घ्या. मान वळवून रुग्णाला झटकन आडवे करतात. कानातले सूक्ष्म खडे नलिकेत घसरले असतील तर डोळे ठरावीक दिशेने थरथरतात. मग एप्लीच्या पद्धतीने डोके क्रमाने फिरवून ते खडे बहुधा जागी आणता येतात. दुसरी चाचणी उभे राहण्याची: पाय जुळवून, डोळे मिटून, घडी घातलेल्या गादीवर. डोळ्यांची खबर बंद, पायांची अंधूक, भिस्त कानावर. जवळ माणूस उभा हवाच. फायब्रोमायल्जियात मान दुखरी असते, म्हणून ती हलवण्याआधी विचारावे.

फायब्रोमायल्जियात अनेकदा कान निर्दोष निघतो, तरी उभे राहताना झोक जातो. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण तीन खबरींचा मेळ घालण्यातच अडचण असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणजे बाई सोंग करते असे नव्हे. शोधाची जागा बदलली, एवढेच. मग हिमोग्लोबिन, बी-१२, आडवे आणि उभे असतानाचा रक्तदाब पाहावा. वेदनेसाठी दिलेल्या अॅमिट्रिप्टिलिन, प्रीगाबालिनसारख्या गोळ्यांनीही चक्कर येते, हे डॉक्टरांना विचारून तपासावे. पुढे तोलाचे व्यायाम आहेत.

जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात असो वा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात, या तपासणीची सुरुवात करायला खाट, गादी, मदतनीस आणि शिकलेले हात पुरतात. पाऊसओल्या उतारावर एका पडण्याने हात मोडला, तर त्या घरची लावणी खोळंबते. त्या मानाने ही दहा-पंधरा मिनिटे फार नव्हेत.