भुकेची सक्ती घटनेला अमान्य

संप असो की सभागृहातील गोंधळ, 'जनतेला वेठीस धरले' हा आरोप मराठी राजकारणात ठरलेलाच. 'वेठ' म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम, हा मूळ अर्थ मात्र विस्मरणात गेला आहे. राज्यघटनेने तो जपला. अनुच्छेद 23च्या इंग्रजी पाठातही फारसीतून आलेला 'बेगार' हा शब्द जसाच्या तसा आहे. त्याच्याच जोडीने सक्तीच्या मजुरीच्या तत्सम प्रकारांनाही घटनेने मनाई केली. वाद आहे तो या 'सक्ती'च्या अर्थाचा.

सक्ती म्हणजे केवळ चाबूक, की आणखी काही? 1982च्या एशियाडसाठी राजधानीत स्टेडियम व उड्डाणपूल उभे राहत असताना हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स'चे पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले. मजुरांचे किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते. त्यातील एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत. वरवर पाहता मजूर स्वेच्छेनेच आलेले. परंतु न्या. पी. एन. भगवती व न्या. बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठाने त्या सप्टेंबरमध्ये निःसंदिग्ध निर्वाळा दिला. दारिद्र्यामुळे दुसरा पर्यायच न उरणे हीदेखील सक्तीच होय. सबब किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरी ठरते. 1983 मध्ये राजस्थानातील दुष्काळी कामांनाही न्यायालयाने हाच निकष लावला.

हा अर्थ कोणत्याही सरकारला सोयीचा नाही. 2009 मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीची मजुरी किमान वेतन कायद्यापासून अलग केली. 2011 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला केंद्रास किमान वेतनाच्या बंधनाची आठवण करून द्यावी लागली. 2016 मध्ये केंद्राने 2030पर्यंत सुमारे 1 कोटी 84 लाख वेठबिगारांची मुक्तता व पुनर्वसन करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतर तोवरच्या चार दशकांत पुनर्वसन झालेल्यांची सरकारी नोंद तीन लाखांच्याही आत होती.

या तफावतीचे मूळ व्याख्येत आहे. साखळदंड दिसला तरच वेठबिगार मानायचा, तर कागदोपत्री प्रश्न जवळपास संपतो. संसदेत मजुरीच्या दरांची चर्चा होते तेव्हा महागाई निर्देशांक आणि तिजोरीवरील भार यांचा ऊहापोह होतो. त्या दराने काम नाकारण्याची मुभा मजुराला खरोखर आहे काय, हा घटनेने उपस्थित केलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.