धरणकाठी घर घेताना…

जुन्नर-आंबेगावात पाण्याकाठी घर आणि दाराशी शिडाची होडी ही कल्पना मोहक असली, तरी येथील जलाशय प्रामुख्याने सिंचनासाठी आहेत. घोड नदीवरील डिंभे आणि कुकडीवरील माणिकडोह धरणांचा साठा शेतीच्या आवर्तनांमुळे उन्हाळ्यापर्यंत घटतो. सप्टेंबरमध्ये अंगणाजवळ भासणारा काठ मे महिन्यात दूर गेलेला असतो. डिंभ्याचा डावा कालवा येडगाव जलाशयात पाणी नेतो; तो होड्यांचा मार्ग नव्हे.

त्यामुळे व्यवहारापूर्वी जागा भर उन्हाळ्यात पाहावी. सात-बारा, धरणासाठी संपादित क्षेत्राची हद्द व पूररेषा तपासावी. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सामान्यतः परवानगीशिवाय घेता येत नाही. होडीबाबत जलसंपदा विभागाकडे आधीच विचारणा करावी. अन्यथा आयुष्यभराची पुंजी खर्चूनही पाणी केवळ चार महिन्यांचे शेजारी ठरेल.